नाटकाचा अभ्यास की नाटकाच्या पुस्तकाचा? विषय ठरवण्याआधी अभ्यासकांना वाचताना

पेट निघाली, कोर्सवर्क संपत आलं, आणि आता गाईड म्हणतात, "विषय आणा." मराठीत किंवा इंग्रजीत पीएच.डी. करणाऱ्यांपैकी ज्यांना नाटक आवडतं, त्यांच्याकडून या टप्प्यावर बहुधा एका ठरलेल्या साच्यातलं शीर्षक येतं. अमुक नाटककाराच्या नाटकांतील स्त्रीचित्रण, तमुक नाटककाराच्या नाटकांतील सामाजिक जाणीव, आणि शेवटी 'एक चिकित्सक अभ्यास'. शोधगंगेवर 'तेंडुलकर' टाकून बघा, म्हणजे कळेल. मी टिंगल करत नाहीये, त्यातले काही प्रबंध खरोखर मेहनतीचे आहेत. पण जवळजवळ सगळ्यांच्या मुळाशी एक गृहीतक असतं आणि ते क्वचितच तपासलं जातं. नाटक म्हणजे छापलेली संहिता, आणि नाटकाचा अभ्यास म्हणजे त्या संहितेचं वाचन.

हे गृहीतक आपण ज्यांच्या पुस्तकांवर 'पूर्वसंशोधनाचा आढावा' उभा करतो, त्या अभ्यासकांकडून आपल्याकडे येतं. म्हणून ही पोस्ट नाटककारांबद्दल नाही, आधुनिक नाटकाच्या अभ्यासकांबद्दल आहे. आपण त्यांना कोट करतो, तळटीपेत टाकतो, पण त्यांनी काय पाहिलं, कुठे उभं राहून पाहिलं आणि काय त्यांच्या नजरेच्या बाहेर राहिलं, हे विचारत नाही. नाटककाराची चिकित्सा करायला आपल्याला शिकवलेलं असतं, समीक्षकाची नाही.

मी पिंपळनेरहून लिहितेय. साक्री तालुक्यातलं, पांझरेच्या काठचं गाव. पश्चिमेला कोकणा आणि भिल वस्ती सुरू होते, मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाची पावरी ऐकू येते, श्रावणात घरोघरी कानबाई बसते, गावात खंडोजी महाराजांचा नामसप्ताह आणि यात्रा होते. खान्देशातल्या जत्रांत तमाशाची कनात लागते. पुण्या-मुंबईची प्रायोगिक नाटकं इथवर येत नाहीत. आता आधुनिक मराठी नाटकाचा कुठलाही प्रसिद्ध इतिहास घ्या आणि त्यात खान्देश शोधा. फार पानं उलटावी लागतील. याचा अर्थ इथे काही घडलंच नाही, की ज्या चाळणीने इतिहास गाळला गेला तिच्या भोकांतून हे खाली पडलं? तुम्ही कोणत्या भागातून आलात त्यावर या प्रश्नाचं वजन ठरेल. गडचिरोली, नांदेड, सिंधुदुर्ग, कुठलाही भाग घ्या, तो प्रश्न तुमचाही आहे.

सुरुवात तारखांपासून करू. 5 नोव्हेंबर 1843, सांगली, विष्णुदास भावे, 'सीतास्वयंवर'. नेट-सेटसाठी हे पाठ असतंच. श्री. ना. बनहट्टी यांच्या 'मराठी रंगभूमीचा इतिहास' या ग्रंथाचा पहिला खंड 1957 साली आला आणि त्याने 1843 ते 1879 हा काळ घेतला. 1879 ला का थांबले? कारण 1880 मध्ये किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं आणि तिथून संगीत नाटकाचं पर्व मोजायचा प्रघात आहे. म्हणजे दोन्ही टोकांना दोन नाटककार उभे आहेत. ही कालविभागणी इतकी अंगवळणी पडलीय की ती कुणीतरी केलेली निवड आहे हे आपण विसरतो. 1843 च्या आधी तंजावरच्या भोसले राजांच्या दरबारात मराठी नाटकं लिहिली गेली होती, त्यांची हस्तलिखितं तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. दशावतार त्याही आधीपासून खेळला जात होता. भाव्यांनी पहिलं नाटक केलं म्हणजे नेमकं काय 'पहिलं' केलं, याचं उत्तर 'नाटक' शब्दाच्या व्याख्येत दडलंय. ती व्याख्या आधी झाली, मग तारीख ठरली.

याचं सगळ्यात बोचणारं उदाहरण जोतीराव फुल्यांच्या 'तृतीय रत्न'चं आहे. 1855 साली लिहिलेलं हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे गेलं आणि नाकारलं गेलं. ते छापून आलं 1979 मध्ये, 'पुरोगामी सत्यशोधक' या नियतकालिकात. मधली 124 वर्षं हे नाटक वाचकांपुढे नव्हतं. बनहट्टींचा खंड निघाला तेव्हाही ते छापलेलं नव्हतं, आणि त्यांचा कालखंड नेमका या नाटकाच्या जन्मवर्षावरून जातो. इथे बनहट्टींवर ठपका ठेवून मोकळं होणं सोपं आहे, पण त्यातून तुमच्या हाती काही लागणार नाही. मला यातून निघणारा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. इतिहासकार जर मुख्यतः छापलेल्या आणि जपलेल्या गोष्टींवर उभा असेल, तर छापायचं काय आणि जपायचं काय हे ठरवणाऱ्यांची पसंती त्याच्या इतिहासात आपोआप उतरते. त्याने एकही पक्षपाती वाक्य लिहिलं नाही तरी. कुणब्याचं जोडपं, त्याला लुबाडणारा जोशी आणि मध्ये बोलणारा विदूषक घेऊन आलेलं नाटक त्या काळच्या समितीने परत पाठवलं, आणि त्या एका नकाराचा परिणाम शतकभर अभ्यासक्रमांवर झाला.

आता स्वातंत्र्यानंतरच्या नाटकाकडे या. शांता गोखले यांचं 'प्लेराइट ॲट द सेंटर' (2000) हे इंग्रजीतलं पुस्तक तुम्हाला लागणारच. 1843 पासूनच्या मराठी नाटकाचा इतका सलग, वाचनीय आणि नाटक पाहिलेल्या माणसाने लिहिलेला आढावा दुसरा पटकन आठवत नाही. त्याचं शीर्षकच त्याचं प्रतिपादन आहे : मराठी रंगभूमीच्या केंद्रस्थानी नाटककार आहे. मला ही गोष्ट फार प्रामाणिक वाटते. आपण कशाभोवती फिरणार आहोत हे लेखिकेने पहिल्याच ओळीत सांगून टाकलंय. पण आपण ते शीर्षक निष्कर्षासारखं वापरतो. "मराठी रंगभूमी नाटककारकेंद्री आहे (गोखले, 2000)" असं लिहितो आणि पुढे जातो. त्याऐवजी विचारा : नाटककार केंद्रस्थानी आहे की नाटककाराचं नाव मुखपृष्ठावर असल्यामुळे आपल्याला तो केंद्रस्थानी दिसतो? ज्या खेळात लिहिणारा, गाणारा, नाचणारी आणि हजरजबाबी सोंगाड्या मिळून रोज रात्री नवा मजकूर घडवतात, तिथे केंद्र शोधायचं कसं?

गंमत म्हणजे या प्रश्नाच्या अर्ध्या वाटेवर गोखले स्वतःच घेऊन जातात. 2015 मध्ये त्यांनी 'द सीन्स वी मेड' हे पुस्तक संपादित केलं. मुंबईतल्या प्रायोगिक रंगभूमीचा हा मौखिक इतिहास आहे. भुलाभाई इन्स्टिट्यूट, वालचंद टेरेस, दादरची छबिलदास शाळा, म्हणजे जागांभोवती आणि तिथे वावरलेल्या माणसांच्या आठवणींभोवती रचलेला. पंधरा वर्षांच्या अंतराने त्याच अभ्यासकाने दोन वेगळ्या साधनांवर दोन वेगळी पुस्तकं उभी केली. पहिल्यात नाटक लिहिणारा दिसतो. दुसऱ्यात जागा, भाडं, तालमीच्या वेळा आणि एकमेकांशी भांडणारी, जुळवून घेणारी माणसं दिसतात. ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचा. साधन बदललं की नाटकाचं चित्र कसं बदलतं, हे रिसर्च मेथडॉलॉजीच्या अख्ख्या पेपरपेक्षा यात लवकर कळतं.

असं बाहेरही झालंय. रेमंड विल्यम्स यांचं 'ड्रामा फ्रॉम इब्सेन टू एलियट' 1952 चं, संहितेच्या बारकाव्यांत रमणारं. दोनच वर्षांनी त्यांचं 'ड्रामा इन परफॉर्मन्स' आलं, आणि त्यात लिहिलेला शब्द व त्याचा प्रयोग यांचं नातं हाच विषय झाला. इंग्रजी विभागातल्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्या यादीत पहिलं पुस्तक असतं, दुसरं सहसा नसतं. दुसरंही घ्या.

आता अपर्णा भार्गव धारवाडकर. 'थिएटर्स ऑफ इंडिपेन्डन्स' (2005) हे त्यांचं पुस्तक स्वातंत्र्योत्तर भारतीय नाटकावरचं बहुधा सर्वाधिक उद्धृत होणारं काम असेल. त्या अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकवतात. पुस्तकाची ताकद अशी की तेंडुलकर, कर्नाड, मोहन राकेश, बादल सरकार, एलकुंचवार, हबीब तन्वीर यांना त्यांनी भाषांच्या कप्प्यांतून बाहेर काढलं आणि पुराण, इतिहास, घर, लोकपरंपरा असे धागे धरून एकत्र वाचलं. तोवर मराठीवाल्यांनी मराठीचं आणि हिंदीवाल्यांनी हिंदीचं बघायचं अशी वाटणी होती. 'घाशीराम कोतवाल'च्या शेजारी 'तुघलक' ठेवून वाचलं की इतिहासनाटक म्हणजे काय याचा अंदाजच बदलतो. या पुस्तकाच्या उपशीर्षकात 'अर्बन परफॉर्मन्स' हे शब्द आहेत, ते मात्र नीट वाचा. नागर, शहरी रंगभूमी. मर्यादा त्यांनी लपवलेली नाही. आपण तळटीप देताना उपशीर्षक गाळतो आणि शहरी रंगभूमीबद्दलचं विधान 'भारतीय रंगभूमी'बद्दलचं होऊन बसतं.

धारवाडकरांचा एक वाद तुम्हाला माहीत असायला हवा, कारण त्यात खेडं आणि लोककला यांचं काय करायचं हा प्रश्न आहे. सुरेश अवस्थी यांनी 1985 मध्ये 'थिएटर ऑफ रूट्स'ची, म्हणजे मुळांकडे जाणाऱ्या रंगभूमीची बाजू मांडली. पाश्चात्त्य वळणाचं, चौकटीतल्या रंगमंचाचं, संवादप्रधान नाटक सोडून पारंपरिक रूपांकडे जायला हवं, असा त्याचा सूर. एरिन मी यांचं 2008 चं पुस्तक याच प्रवाहावर आहे. धारवाडकर या भूमिकेकडे संशयाने बघतात. लेखक असलेलं, छापलं जाणारं, अनुवादित होऊन दुसऱ्या भाषेत जाणारं नाटक हे भारतीय आधुनिकतेचंच अपत्य आहे, त्याला परकं ठरवू नका, असा त्यांचा रोख आहे.

मला दोन्ही बाजू वाचताना एक गोष्ट खटकत आली आहे. या वादात 'लोककला' कुठून येते? शहरातल्या दिग्दर्शकाच्या हातातून येते. तमाशाचा गण-गौळण-बतावणी-वग हा बाज एखाद्या शहरी नाटकाने घेतला की तमाशा चर्चेत येतो. ज्या कनातीतून तो घेतला, ती कनात त्या रात्रीही उभी होती, तिथेही तिकीट विकलं जात होतं, तिथलाही वगलेखक ताज्या घटनेवर काहीतरी नवं रचत होता. पण तो 'परंपरा' म्हणून मोजला जातो आणि त्याच्याकडून उसनं घेणारा 'आधुनिक' म्हणून. एकाच वर्षी, एकाच राज्यात काम करणाऱ्या दोन माणसांतला एक आधुनिक आणि एक पारंपरिक कसा, हे कोणत्या कसोटीवर ठरलं? हा प्रश्न धारवाडकरांनाही लागू होतो, अवस्थींनाही.

एक सैद्धांतिक बाजू इथे जोडून बघा. पीटर झोंडी या अभ्यासकाने 1956 मध्ये जर्मनमध्ये आधुनिक नाटकाचा सिद्धांत मांडला. थोडक्यात असा : युरोपीय नाटक हे माणसामाणसांतल्या संवादावर उभं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इब्सेन, चेखॉव्ह, स्ट्रिंडबर्ग यांच्या नाटकांत आशय असा बदलला की तो निव्वळ संवादात मावेना. या पेचातून पुढे जे मार्ग निघाले, त्यांत नाटकात निवेदक शिरणं हा एक मोठा मार्ग. ब्रेख्तपर्यंतची वाट अशी लागते. अतिशय देखणी मांडणी आहे. आता हीच मांडणी वगाला लावा. वगात निवेदन करणारा शाहीर, कथेतून बाहेर येऊन प्रेक्षकांशी बोलणारा सोंगाड्या पहिल्यापासून आहे. झोंडींच्या कथेत जो शेवटी येतो, तो आपल्याकडे सुरुवातीलाच पेटी-ढोलकीशेजारी उभा आहे. मग आपल्याकडे पेच उलटा पडला असेल का? 1933 मध्ये नाट्यमन्वंतरने 'आंधळ्यांची शाळा' हे ब्यर्नसनच्या नाटकावर आधारलेलं नाटक आणलं, तेव्हा नवं काय होतं? निवेदक काढून टाकणं, गाण्यांना लगाम घालणं, पात्रांनी फक्त एकमेकांशी बोलणं. युरोपात जुनं होत चाललेलं आपल्याकडे नवं म्हणून आलं. एवढ्या एका निरीक्षणावर एक चांगलं प्रकरण उभं राहू शकतं, आणि त्यासाठी झोंडींना खोटं पाडायची गरज नाही. त्यांचा सिद्धांत कोणत्या नाटकांवरून बांधलाय हे सांगितलं की पुरे.

मकरंद साठे यांचं 'मराठी रंगभूमीच्या तीस रात्री' (2011) हे तीन खंडांचं काम मी मुद्दाम इथवर राखून ठेवलं. साठे नाटककार आणि व्यवसायाने वास्तुरचनाकार. गोखले पत्रकार आणि कादंबरीकार. एक गोष्ट लक्षात येते का बघा : आपल्याला सगळ्यात जास्त लागणारे दोन मोठे आढावे विद्यापीठाच्या विभागांतून आलेले नाहीत. नाटकावर पीएच.डी.चे ढीगभर प्रबंध असताना असं का व्हावं, हा प्रश्न मी तुमच्यावर सोडते. माझा अंदाज विचाराल तर, आपण एका नाटककाराच्या कुंपणात शिरतो आणि बाहेर पडतच नाही.

साठेंनी नाटककार आणि विदूषक यांच्यातल्या तीस रात्रींच्या संभाषणाची चौकट घेतली आणि रंगभूमीचा सामाजिक-राजकीय इतिहास सांगितला. यात 'तृतीय रत्न' आहे, सत्यशोधक जलसे आहेत, आंबेडकरी जलसे आहेत, कामगार रंगभूमी आहे. म्हणजे चाळणीची भोकं त्यांनी जाणीवपूर्वक बदलली. त्यासाठी हे पुस्तक मला गोखल्यांच्या पुस्तकाइतकंच महत्त्वाचं वाटतं. पण दोन तक्रारी. एक, राजकीय आशय ही मुख्य कसोटी झाल्यावर जे नाटक राजकारणाबद्दल उघड बोलत नाही, ते मागच्या बाकावर जातं. दोन, ही लेखकाची चूक नाही पण वापरणाऱ्यांनी सांभाळायची गोष्ट : संवादरूपात लिहिलेल्या पुस्तकातून कोट घेताना वाक्य कुणाच्या तोंडी आहे ते बघा. विदूषकाने टोमणा म्हणून टाकलेलं वाक्य 'साठे म्हणतात' असं लिहून प्रबंधात ठोकलं, तर व्हायवाला कुणीतरी पकडेल. पकडायला हवंही.

तमाशाकडे थेट बघणारे अभ्यासक वेगळ्या दारातून आले, समाजशास्त्राच्या आणि इतिहासाच्या. शर्मिला रेगे यांचा लावणी कलावंतिणींवरचा 1995 चा लेख बघा. वरच्या जातींनी आणि बाजाराने लावणी उचलली आणि ती नाचणाऱ्या बाईच्या हाती काय उरलं, हा त्यांचा सवाल. शैलजा पाईक यांचं 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' (2022) त्याच्या पुढे जातं. 'अश्लील', 'अस्सल' आणि 'माणुसकी' हे मराठी शब्द घेऊन दलित तमाशा कलावंतिणींचं आयुष्य आणि त्यावरचं राजकारण त्या उलगडतात. या शब्दांना त्यांनी इंग्रजी प्रतिशब्दांत विरघळवलं नाही, त्यांनाच संकल्पना केलं, हे मला फार शिकण्यासारखं वाटतं. तुमच्या बोलीतला एखादा शब्द सिद्धांत होऊ शकतो. या अभ्यासांत वगाची नाट्यबांधणी हा मुख्य प्रश्न नाही, तो असायलाच हवा असाही आग्रह नाही. पण त्यामुळे एक जागा मोकळी राहते. नाटकाचे अभ्यासक संहितेत बसलेत, समाजशास्त्राचे अभ्यासक कलावंतिणीच्या जगण्यात. बतावणीतला विनोद नेमका कसा रचला जातो, वगाचं कथानक प्रेक्षक कंटाळले तर कुठे कापतात, हे रंगतंत्र दोघांच्या मध्ये पडून आहे. रुस्तुम अचलखांब आणि तारा भवाळकर यांची नावं इथे घ्यायला हवीत. भवाळकरांच्या 'लोकनागर रंगभूमी' या पुस्तकाच्या नावातच लोक आणि नागर एका शब्दात आलेत. मध्ये संयोगचिन्हसुद्धा नाही.

संहितेवर थांबलं की काय निसटतं, याचं उदाहरण पुन्हा 'घाशीराम'चंच. 16 डिसेंबर 1972 ला पुण्यात भरत नाट्य मंदिरात पहिला प्रयोग झाला. जब्बार पटेल यांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना. ब्राह्मणांची ती झुलती रांग, म्हणजे मानवी पडदा, पुस्तकात काही शब्दांच्या रंगसूचनेत येते. प्रयोगात ती रांग जवळजवळ सतत डोळ्यांपुढे असते. ती झाकते, उघडते, गाते आणि बघूनही न बघितल्यासारखं करते. नाना आणि घाशीराम यांचे संवाद कितीही बारकाईने वाचा, त्या रांगेचा अपराध त्यातून पूर्ण कळत नाही. मग 'तेंडुलकरांच्या नाटकांतील सत्तासंबंध' या प्रबंधात चंदावरकर आणि मुळगुंद यांची नावं एकदाही येत नसतील, तर तो प्रबंध 'घाशीराम'बद्दल आहे असं कसं म्हणायचं?

आता उलट बाजूचा धोका. हे सगळं वाचून तुम्हाला उत्साह येईल आणि तुम्ही म्हणाल, चला, आमच्या भागातलं सगळं रंगभूमीच आहे. वहीगायन रंगभूमी, कानबाई रंगभूमी, डोंगऱ्यादेव म्हणजे आदिवासी रंगभूमी. रिचर्ड शेकनर यांचं 'बिटवीन थिएटर अँड अँथ्रोपॉलॉजी' (1985) वाचल्यावर हा मोह हमखास होतो. त्यांचं म्हणणं विधी आणि नाट्य यांच्यातला प्रवाह दाखवणारं आहे, आणि उपयोगीही आहे. पण डोंगऱ्यादेवाच्या वेळी ज्याच्या अंगात वारं येतं, तो स्वतः 'मी भूमिका करतो' असं म्हणेल का? त्याच्यासाठी ती उपासना आहे. तिला नाटक म्हणताना आपण तिचा मान वाढवतोय की आपल्या प्रबंधाची सोय बघतोय? लोक स्वतः कोणता शब्द वापरतात ते आधी लिहून घ्या. सोंग, खेळ, वही, वग, कार्यक्रम, हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. अहिराणीत 'तमाशा देखाले चाल' म्हणतात. त्या 'देखाले'मध्ये एक अख्खी व्याख्या आहे, आणि ती संहितावाल्यांच्या व्याख्येहून वेगळी आहे.

साधनांचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारणारच, कारण महागडी जर्नल्स आपल्या कॉलेजच्या लायब्ररीत नसतात. इथे धुळ्याचंच उदाहरण आठवा. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून घरांच्या माळ्यांवरून कागद गोळा करत होते. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड त्यातून झाले, आणि त्यांच्या निधनानंतर लगेच, 1927 मध्ये, धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. त्या कागदांना मोल आहे हे आधी कुणीतरी ठरवावं लागलं. तमाशाच्या वगाच्या वह्यांना तितकं मोल मिळालं असतं, तर आज आपल्या आढाव्याच्या प्रकरणात वेगळी नावं असती. त्या वह्या आजही कुठल्या कुठल्या ट्रंकेत असतील, पानं पिवळी पडत असतील. फडातल्या म्हाताऱ्या माणसांबरोबर त्यांच्या चाली आणि हजरजबाब जातायत. पुढच्या पिढीच्या संशोधकाला ही सोय नसेल, तुम्हाला अजून थोडी आहे.

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते. लोक घोडेबाजारासाठी जातात, तुम्ही तमाशासाठी जा. विषय ठरायच्या आधी जा, म्हणजे मनात हायपोथिसिस नसेल. पहिल्या रात्री फोन खिशातच ठेवा. कलावंतिणींचं चित्रीकरण विचारल्याशिवाय करायचं नाही. लोक त्यांचे व्हिडिओ कसे आणि कशासाठी फिरवतात हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. नुसतं बघा आणि वहीत लिहा : वग किती वाजता सुरू झाला, सोंगाड्याच्या कोणत्या वाक्यावर मागची माणसं हसली आणि पुढची गप्प राहिली, कोणती गोष्ट छापील दिसते आणि कोणती जागेवर सुचलेली. दुसऱ्या रात्री तोच वग असेल तर परत बघा आणि काय बदललं ते टिपा. सकाळी फडाच्या मॅनेजरला विचारा, वग कुणी लिहिला, लिहिणाऱ्याचं नाव पुकारतात का, वही कुणाकडे असते, ती दुसऱ्या फडाला दिली तर पैसे मिळतात का. ही उत्तरं घेऊन परत या आणि मग 'प्लेराइट ॲट द सेंटर' पहिल्या पानापासून पुन्हा उघडा, हातात पेन्सिल घेऊन.